दोन्ही तीरांवरून गुरू

या लेखात मला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. प्रश्न असा: गोदावरीच्या उत्तर तीरावरून दिसणारा गुरू ग्रह आणि दक्षिण तीरावरून दिसणारा गुरू ग्रह यांत काही फरक असतो का? शाळेतल्या मुलाला हे विचारले तर तो हसेल. एके काळी मीही हसलो असतो. पण ज्या माणसाने हा प्रश्न माझ्याकडे सोपवला, त्याच्या दृष्टीने तो हसण्यावारी नेण्यासारखा उरला नव्हता. म्हणून उत्तराच्या आधी त्या माणसाविषयी सांगणे भाग आहे.

विचार करताना ते डावा डोळा मिटत. दुर्बिणीला उजवा डोळा लावण्याची सवय इतकी मुरली होती की, समोर दुर्बीण नसली तरी डावा डोळा आपोआप मिटला जाई. ते गावात नवे आले तेव्हा यावरून थोडा घोटाळा झाला. हॉटेलवाल्याने विचारले, "मास्तर, काय घेता?" मास्तरांनी विचार करण्यासाठी डोळा मिटला. हॉटेलवाल्याला तो इशारा वाटला. त्याने त्यांना अदबीने मागच्या खोलीत नेले आणि पुढ्यात शिंदीचा पेला ठेवला. मास्तरांनी पेल्याचा वास घेतला, पुन्हा डोळा मिटला आणि म्हणाले, "चहात पाणी जास्त झालं." पुढे पुष्कळ दिवस हॉटेलवाला ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

आम्ही दोघेही घनसावंगीच्या दक्षिणेला, गोदावरीच्या अगदी काठावर असलेल्या एका गावातल्या शाळेत शिक्षक होतो. हा भाग आता जालना जिल्ह्यात आहे. निजामाचे राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन सात-आठ वर्षे झाली होती. शाळा उर्दूतून मराठीत आली होती, पण शिक्षकांच्या तोंडून उर्दू गेली नव्हती. मी भूगोल शिकवी, ते शास्त्र आणि गणित. ते मंठ्याकडच्या शेतकरी घरातले. त्यांचे सगळे शिक्षण उर्दूत झालेले, त्यामुळे शून्याला ते अजून सिफर म्हणत आणि प्रत्येक सिद्धान्ताच्या शेवटी मुलांना विचारत, "बराबर?" मुलांनी एका सुरात "बराबर!" म्हटले की त्यांचा चेहरा पडे. ते म्हणत, "अरे, इतक्या जल्दी बराबर म्हणू नका. पाह्यलं का तुम्ही?"

राहायला आम्हा दोघांना एका मारवाडी कापड दुकानदाराच्या घराच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या होत्या. आम्ही त्यांना शेठजी म्हणत असू. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले जैन कुटुंब. शेठजींचे जेवण सूर्य मावळण्यापूर्वी आटपलेले असे. त्यामुळे तिन्हीसांजेला, इतरांच्या चुली पेटत असताना, ते ओट्यावर निवांत बसलेले असत आणि बोलायला माणूस शोधत असत. आकाशात पहिला ठिपका उगवला की तो आधी शेठजींना दिसे. मग माडीकडे तोंड करून हाक येई, "मास्तरसाब, तुमचा माल आला!"

दुर्बीण मास्तरांनी स्वतः केली होती. जालन्याच्या एका चष्मेवाल्याकडून त्यांनी एक मोठे, अगदी कमी नंबराचे भिंग आणले. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडून डोळ्याला लावायचे छोटे भिंग मिळवले. छपराच्या पन्हळी करणाऱ्या कारागिराने हातभर लांबीच्या चार पत्र्यांची एक नळी जोडून दिली. आतून तिला दिव्याची काजळी फासली. अशी ती पुरुषभर नळी खांद्यावर टाकून ते पहिल्यांदा बसमधून उतरले, तेव्हा बाजारातली दोन दुकाने फटाफट बंद झाली. रझाकारांच्या दिवसांतली, खांद्यावरच्या लांब नळीची भीती अजून लोकांच्या मनातून गेली नव्हती. शेवटी पोलीस पाटलांनी नळीला एका बाजूने डोळा लावला आणि जाहीर केले, "बंदूक न्हाई. आरपार दिसून राह्यलंय."

ती दुर्बीण उभ्या बैलगाडीच्या कठड्यावर टेकवून मास्तर मुलांना गुरू दाखवत. त्यांचा नेहमीचा प्रश्न होता, "गुरूला चंद्र किती?"

पुस्तकात त्या काळी बारा लिहिलेले होते. आता ही संख्या नव्वदीच्या पुढे गेली आहे. एखादा हुशार मुलगा म्हणे, "बारा." मास्तर डोळा मिटत. "परीक्षेत बारा लिही. आता मला सांग, तुला किती दिसले?"

आपल्या नळीतून चार दिसतात. गुरूच्या बारीक, पिवळसर टिकलीच्या दोन्ही बाजूंना, साधारण एका रेषेत, चार ठिणग्या. त्यांतला सर्वांत आतला पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो, दुसरा साडेतीन दिवसांत, तिसरा साधारण आठवड्यात. चौथ्याला दोन आठवड्यांहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणून रोजचे चित्र वेगळे असते. आज एकीकडे तीन आणि दुसरीकडे एक, तर उद्या दोन्हीकडे दोन-दोन. कधी एखादा गुरूच्या मागे जातो, कधी त्याच्या सावलीत शिरतो, कधी पुढ्यातून जाताना गुरूच्याच उजेडात हरवतो. अशा दिवशी मुले ओरडत, "मास्तर, तीनच हायेत!"

त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे. वर्गात ते शक्यतो शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. पण हे वाक्य त्यांनी कधीही शुद्ध केले नाही. "चौथा हाये. दिसून न्हाई राह्यला, इतकंच."

शेठजींना या ग्रहाविषयी वेगळेच कुतूहल होते. मास्तरांनी त्यांना सांगितले होते की, गुरू पृथ्वीपेक्षा इतका मोठा आहे की त्याच्या पोटात तेराशे पृथ्व्या मावतील. स्वतःभोवती तो दहा तासांच्या आत फिरतो. आणि त्याला आपल्यासारखी जमीन नाही. वरून खाली जावे तो वायू, आणखी खाली जावे तो आणखी दाट होत गेलेला वायू.

"म्हणजे पाय टेकायला जागाच न्हाई?" शेठजींनी विचारले.

"बिलकुल न्हाई."

"मंग दुकान कुठं टाकायचं?"

"दुकान टाका की शेठजी. तिथं उधारी बुडायची भीती न्हाई. आधी दुकानदारच बुडतो."

शेठजी पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत. विनोद केल्यावर ते नेहमी गंभीर होत. मग म्हणाले, "इतका मोठा, पण हातात धरायला त्यात काहीच न्हाई. तरी सगळे चंद्र त्याला धरून आहेत. ही गोष्ट मला अजून नीट समजून न्हाई राह्यली." गुरुत्वाकर्षणाचा नियम त्यांना पाठ होता, हे मला ठाऊक होते. ते त्याविषयी बोलत नव्हते.

गावाच्या खालच्या अंगाला अण्णांचे घर होते. अण्णा म्हणजे जुने बागाईतदार, उसाचा मळा असलेले, मनाने मोकळे गृहस्थ. त्यांना तीन मुली. एका हिवाळ्यात अण्णांनी मास्तरांना म्हटले, "शाळेतल्या पोरांना दावता, आमाला बी दावा की." तेव्हापासून दिवेलागणीनंतर आठवड्यातून एखाद्या वेळी दुर्बीण अण्णांच्या अंगणात जाऊ लागली. सोबत मीही असे.

थोरली मुलगी सातवी शिकलेली होती. बाकीचे लोक नळीला डोळा लावून "अगं बाई!" म्हणत आणि बाजूला होत. ती मात्र डोळा लावून उभीच राही. सुरुवातीला दुर्बीण लागोपाठ दोन दिवस गेली. पहिल्या दिवशी तिने चार चंद्र पाहिले. दुसऱ्या दिवशी पाहिले आणि वळून म्हणाली, "काल चार व्हते. आज तीनच हायेत."

"चौथा हाये," मास्तर म्हणाले. "दिसून न्हाई राह्यला, इतकंच."

"कशावरून?"

मास्तरांना गावात येऊन बराच काळ झाला होता. पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मुले "बराबर" म्हणत, मोठी माणसे मान डोलवत. मास्तरांचा डावा डोळा मिटला, आणि तो बराच वेळ उघडला नाही. मग ते म्हणाले, "उद्या पाह्या."

दुसऱ्या दिवशी दुर्बीण न बोलावता अण्णांच्या अंगणात गेली. तिने पाहिले आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. "आला की!"

परतल्यावर जिना चढताना मास्तर म्हणाले, "कशावरून, असं विचारलं तिनं. ऐकलं ना तुम्ही?"

त्यानंतर काही दिवसांनी दुर्बिणीच्या तोंडाला एक टोपी आली. धूळ बसू नये म्हणून, हिरव्या खणाच्या तुकड्याची, आतून अस्तर लावलेली, दोरी ओढली की आवळणारी. ती कोणी शिवली हे मी विचारले नाही. ते त्यांनीही सांगितले नाही. पण टोपी काढली की ती ते खिशात ठेवत. कधी जमिनीवर ठेवत नसत.

अण्णांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. जात एक, घर शेतकऱ्याचे, मुलगा नोकरीचा. उन्हाळ्यात बोलणे होऊन सुपारी फुटली. लग्नही त्याच उन्हाळ्यात व्हायचे. पण अण्णांच्या घरी सुतक आले, मागोमाग पावसाळा आला, आणि लग्न दिवाळीनंतरवर गेले. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले. मग जोशीबुवांनी पंचांग उघडून सांगितले की यंदा सिंहस्थ आहे.

सिंहस्थ म्हणजे काय, ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला सुमारे बारा वर्षे लागतात. राशी बारा. म्हणजे प्रत्येक राशीत त्याचा मुक्काम साधारण एक वर्ष. तो सिंह राशीत असला की त्या काळाला सिंहस्थ म्हणतात, आणि आपल्याकडे त्या काळात लग्ने लावत नाहीत. मास्तर ज्या ग्रहाचे चंद्र मोजत होते, तोच ग्रह त्यांच्या लग्नाच्या आड येऊन उभा राहिला होता.

अण्णा स्वतः माडीवर आले. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"मास्तर, तोड निघाली! जोशीबुवा म्हणत्यात, ही बंदी गंगा आन् गोदावरीच्या मधल्या मुलखाला हाय. गोदावरीच्या पल्याड दोष न्हाई. मंग काय? सकाळी नावंत बसायचं, पल्याडच्या घाटावर लगीन लावायचं, सांजच्याला घरी!"

पुष्कळ कुटुंबांत असेच करीत. नदीकाठच्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नसे. मास्तरांनी डोळा मिटला.

"अण्णा, ह्या काठावर जो गुरू आहे, तोच त्या काठावर आहे. नदी खाली वाहून राह्यली; त्याला काय तिचं? मी नदी उतरून लगीन लावलं, तर उद्या शाळेत पोरांना काय सांगू?"

"पोरांना काय सांगायचंय? जेवायला या म्हणायचं!"

मला हसू आले. अण्णाही हसले. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमचा विश्वास आहे, त्याचा मान ठेवून मी वर्षभर थांबतो. तुम्ही म्हणाल तर उद्या ह्याच काठावर लग्नाला उभा राहतो. पण नाव नको."

अण्णा गेल्यावर खाली ओट्यावरून शेठजींनी विचारले, कारण माडीवरचे बोलणे त्यांना सगळे ऐकू जाई, "मास्तरसाब, एक सांगा. वर्षभर थांबणं म्हणजे पण मानणंच झालं ना? मंग एक घंट्याची नाव काय वाईट?"

"थांबणं अण्णांसाठी आहे शेठजी. नाव माझ्यासाठी झाली असती."

"माझ्या डोक्यात हे बसत न्हाई," शेठजी म्हणाले. "पण माझं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली. तुमचं व्हायचं आहे. जल्दी समजून घ्या."

मास्तर हट्टी होते का? मी त्या वेळी तसे समजत नव्हतो. जो माणूस रोज मुलांना 'पाहिल्याशिवाय मानू नका' म्हणून सांगतो, त्याला असे एक ठिकाण लागतेच, जिथून मागे सरकता येत नाही. ते ठिकाण त्यांच्या बाबतीत नदीच्या पाण्याशी आले, एवढेच.

पौष संपत आला तसा गुरू पुन्हा संध्याकाळी वर येऊ लागला. दुर्बीण पुन्हा अण्णांच्या अंगणात गेली. बोलणी झालेली असली तरी अण्णांनी अंगण बंद केले नव्हते. त्या दिवसांत गुरू मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्यापाशी होता आणि दर आठवड्याला थोडा थोडा मागे सरकत होता. ते थोरलीच्या ध्यानात आले.

"मास्तर, ह्यो मागं फिरला का?"

त्यांनी समजावले. रस्त्याने दोन गाड्या चालल्या आहेत. आपली गाडी भरधाव, पुढची गाडी सावकाश. आपण तिला ओलांडून जाताना लांबच्या झाडांच्या मानाने ती गाडी मागे जाताना दिसते. प्रत्यक्षात ती पुढेच चाललेली असते. आपली पृथ्वी भरधाव, गुरू सावकाश.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी फिरला न्हाई. मागं ऱ्हायला."

"बराबर."

अण्णा कंदील आणायला आत गेले होते. मी गाडीच्या पलीकडे होतो. तिने आवाज खाली न करता विचारले, "मास्तर, तुमाला पोहायला येत न्हाई का?"

"येतं की."

"मंग नदीला इतकं कामून भेता?"

मास्तर हसले. विनोद दुसऱ्याचा असला की ते हसत. तेवढ्यात अण्णा कंदील घेऊन बाहेर आले.

त्याच महिन्यात पल्याडच्या गावाहून अण्णांची बहीण आली. तिच्या दिराच्या मुलासाठी तिला मुलगी हवी होती. पल्याडच्या लोकांना सिंहस्थाची अडचण नव्हती. लग्न त्यांच्या दारी, त्यांच्या काठावर. अण्णा पुन्हा माडीवर आले. या वेळी ते बसले नाहीत.

"मला आजून दोन पोरी हायेत, मास्तर. थोरलीचं आडून ऱ्हायलं की दोघींचं खोळंबतं. घरातले आता माझं ऐकत न्हाईत. शेवटचं इचारतो. येता का पल्याड?"

मास्तरांचा डोळा मिटला. मी त्यांच्याकडे पाहत होतो. माझी खात्री होती की या वेळी ते 'येतो' म्हणतील. त्यांचे ओठ हललेही.

"थोडे महिने थांबा, अण्णा," ते म्हणाले. "तो सिंहेतून निघेल. कुणी न अडवता निघेल."

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते जिना उतरून गेले.

लग्न माघात झाले. सकाळी वऱ्हाड नदीवर आले. मास्तर घाटावर आले होते. लोकांना वाटले होते, येणार नाहीत. त्यांनी कोणाची ट्रंक उचलून दिली, एका म्हाताऱ्या बाईला हात धरून नावेत बसवले. शेवटची नाव सुटली तेव्हा ते पाण्याच्या काठाशी उभे होते. वहाणांचे पुढचे टोक भिजले होते. नवरी नावेच्या मध्यावर, डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. तिने मागे पाहिले की नाही, हे इतक्या माणसांत मला दिसले नाही.

त्या संध्याकाळी शाळेच्या मुलांना दुर्बीण दाखवायचे ठरलेले होते. मला वाटले, आज राहू देतील. त्यांनी गाडी उभी केली, खिशात टोपी ठेवली आणि नळी टेकवली. गुरू पूर्वेला सिंह राशीतच होता. लग्न झाले त्या काठावरही तो तिथेच असणार. मुलांनी मोजले. "चार हायेत, मास्तर."

"हो," ते म्हणाले. "आज पुरे हायेत."

पुढचे दोन हिवाळे दुर्बीण शाळेच्या अंगणातच राहिली. मास्तर पूर्वीसारखेच शिकवीत. फरक एवढाच की, संध्याकाळी फिरायला म्हणून ते घाटावर जाऊन बसत. एकदा दिवस मावळण्याच्या आधी मी तिकडे गेलो, तर नळी त्यांच्या गुडघ्यांवर आडवी होती आणि तिचे तोंड आकाशाकडे नव्हते. मला पाहून त्यांनी ती लपवली नाही. माझ्या हातात दिली. मी डोळा लावला. पल्याडचा घाट उलटा दिसत होता. झाडे वरून लोंबत होती. एक नाव पालथी होऊन पाण्याला चिकटली होती. धुणे धुणाऱ्या बाया खाली डोके, वर पाय अशा वाकलेल्या होत्या, आणि त्यांच्या अंगावरचे लुगडे कोणाचे कोणते हेही कळत नव्हते.

"दोन्ही भिंगं फुगीर असली की चित्र उलटं पडतं," ते म्हणाले. "आकाशात वर-खाली नसतं, म्हणून तिथं ही नळी चालते. जमिनीवर चालत न्हाई."

त्यानंतर त्यांची बदली झाली. बदली त्यांनी मागून घेतली होती की आली होती, हे मी विचारले नाही. निघण्याच्या सकाळी त्यांनी दुर्बीण माझ्या खोलीत आणून ठेवली.

"शाळेला ठेवा. आणि एक काम करा. दोन्ही काठांवरून गुरू सारखाच दिसतो, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. अण्णांना सांगितलं. शेठजींना सांगितलं. पण पल्याडून मी कधी पाह्यला न्हाई. आणि पाह्यल्याशिवाय बराबर म्हणू नये, हेही मीच सांगत आलो. तुम्ही एकदा पाहा. एकाच संध्याकाळी, आधी इथून, मंग तिथून. चंद्र जागा बदलतात, म्हणून फार वेळ जाऊ देऊ नका."

"तुम्हीच चला की आज संध्याकाळी," मी म्हणालो.

त्यांनी डोळा मिटला. मग बसचा भोंगा वाजला.

त्यांच्या बदल्या होत गेल्या. दर वेळी गाव थोडे आणखी लांबचे असे. माझे उत्तर मी त्यांना समक्ष सांगणार होतो. ते पत्रात मावणारे नव्हते. ती भेट झाली नाही. पुढे एका वर्षी ते वारल्याचेच कळले. म्हणून जे त्यांना सांगायचे होते, ते आता वाचकांना सांगतो.

त्यांच्या बदलीनंतरच्या वैशाखात, शाळेला सुट्टी असताना, मी ते काम केले. गुरू तोवर वृश्चिकेपर्यंत गेला होता आणि दिवस मावळल्यावर नदीच्या पल्याडच्याच बाजूने वर येत होता. मी आमच्या घाटावर नळी टेकवली. तीन चंद्र होते: एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. तसेच नळी खांद्यावर टाकून मी नदीत उतरलो. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढे असते. पल्याडच्या घाटावर माणसे वाऱ्याला बसली होती.

"कोण हाय? बंदूक हाय का?" एकाने विचारले.

"शाळेची दुर्बीण आहे," मी म्हणालो. "गुरू पाहायचा आहे."

मी एका दगडावर नळी टेकवली आणि पाहिले. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. काहीही फरक नव्हता. मग तिथल्या लोकांना पाहायचे होते. एकेक जण डोळा लावून "अरे बाप रे" म्हणून बाजूला होऊ लागला. एक म्हातारी सुनेच्या आधाराने पुढे आली. तिने बराच वेळ नळी इकडेतिकडे ढकलली, मग तिला सापडले.

"आमच्या थोरल्याचा पोरगा म्हनत व्हता गुरूला चार चंद्र आसत्यात," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "हितं तर तीनच दिसून राह्यलेत!"

मी उत्तर देण्याच्या आत तिच्या मागे उभी असलेली सून बोलली. तिने अजून नळीला डोळा लावला नव्हता.

"चौथा हाये, आत्याबाई. दिसून न्हाई राह्यला, इतकंच."

"तू कशावरून म्हंतीस?"

"उद्या पाह्या."

मग तिने स्वतः पाहिले. फार वेळ पाहिले. मागच्या माणसांनी घाई केली नाही. बाजूला झाल्यावर तिने माझ्याकडे नीट बघून विचारले, "आमच्या गावची शाळा बराबर चालू हाय का?"

"चालू आहे," मी म्हणालो. "शास्त्राला नवे मास्तर आले."

"हं," ती म्हणाली.

हिरव्या खणाची टोपी मी दगडावर काढून ठेवली होती. रंग विटला होता. दोरी एका बाजूने उसवली होती. तिने ती उचलली, दोनदा झटकली, नळीच्या तोंडावर बसवली आणि दोरी आवळून गाठ मारली. मग सासूचा हात धरून ती चढण चढून गेली.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे: फरक नाही. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरून गुरू सारखाच दिसतो.

पण केवळ माझ्या सांगण्यावरून हे मान्य करू नये. गुरू संध्याकाळी आकाशात असेल अशा दिवसांत साधी दुर्बीण मिळवावी, आधी एका तीरावरून आणि मग नदी उतरून दुसऱ्या तीरावरून, वाचकांनी स्वतः पाहावे. एखादा चंद्र कमी आढळला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.